नसलेल्या चार माणसांचं वजन

अकरा वर्षं मी रोज हेलिकॉप्टर डोंगरावर आपटत होतो आणि संध्याकाळी कंपनीच्या बसने सुखरूप नगरला घरी येत होतो. बायको विचारायची, "आज किती पाडली?" मी म्हणायचो, "तीन." ती म्हणायची, "बरं, हातपाय धुवा, पानं घेते." शेजारी नवीन भाडेकरू आले होते, त्यांनी हे संभाषण भिंतीपलीकडून ऐकलं आणि पंधरा दिवस आमच्याशी बोललेच नाहीत. शेवटी बायकोनेच जाऊन खुलासा केला.

तोच खुलासा तुमच्यासाठीही करतो. सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये हेलिकॉप्टरचं नुसतं तोंड ठेवलेलं आहे. शेपूट नाही, वरचा पंखा नाही, इंजिन तर नाहीच. आत खऱ्यासारख्या खुर्च्या, काटे, दांडे, आणि समोर अर्धगोल पडद्यावर डोंगर, दऱ्या, ढग. त्याला सिम्युलेटर म्हणतात. आम्ही आपलं मशीन म्हणायचो. वैमानिक आत बसतो, दार लागतं, आणि पुढचा तासभर त्याला घाम फुटतो. शेजारच्या शेडमध्ये पत्र्याचे डबे बनायचे. वैमानिक हिमालयात उतरत असायचा आणि बाहेरून डबे ठोकल्याचा धाडधाड आवाज. एकाने मला गंभीरपणे विचारलं होतं, "हा गिअरबॉक्सचा आवाज आहे का?" म्हटलं, "नाही हो, रंगाचे डबे आहेत ते."

माझं नाव शमुवेल साळवे. मूळचे आम्ही शेवगावकडचे ख्रिस्ती, वडील मास्तर. वीस वर्षं मी गणवेशात काढली, खऱ्या हेलिकॉप्टरच्या पोटाखाली, ग्रीस आणि तेलात. निवृत्त होऊन नगरला आलो आणि सुप्यात लागलो. माझ्याकडे काम होतं वजन, उंची आणि उन्हाचं. म्हणजे मशीनला सांगायचं की, आज तू किती जड आहेस, किती उंचावर आहेस आणि बाहेर ऊन किती आहे. बाकीचं गणित मशीन करतं, पण हे तीन आकडे खोटे असले तर पुढचं सगळं खोटं.

हेलिकॉप्टर लोकांना वाटतं तसं कुठेही उभं राहत नाही. ते हवेवर उभं असतं. जितकं वर जाल तितकी हवा विरळ, ऊन चढलं की आणखी विरळ. पंख्याला धरायला हवा कमी, इंजिनालाही श्वास कमी, आणि आत बसलेली माणसं मात्र खाली होती तेवढीच जड. जमिनीजवळ पंख्याखाली हवेची एक उशी तयार होते, ती थोडा आधार देते; पण सुळक्यावरच्या हेलिपॅडवर अर्धा पंखा दरीवर असतो, तिथे उशीही अर्धी. मग वैमानिक उतरताना डाव्या हातातला दांडा वर ओढतो, इंजिन म्हणतं, आता माझ्यात नाही, पंख्याचे फेरे उतरतात, भोंगा वाजतो, आणि पुढचं तुम्हाला कळलंच. आमच्याकडे तेव्हा फक्त पडदा लाल व्हायचा.

हे सगळं तक्त्यात लिहिलेलं असतं. अमुक उंची, अमुक ऊन, तर वजन एवढंच. पण तक्ता पाठ असणं वेगळं आणि मनगटाला कळणं वेगळं. ते मनगटाला कळवायचं माझं काम होतं, आणि मी ते उत्तम करत होतो. खोटी नम्रता कशाला? मी बसवलेल्या वजनावर उडून आलेले वैमानिक सांगायचे, "साळवेकाका, खरं मशीन तुमच्या मशीनसारखंच वागतं हो." यापेक्षा मोठं बक्षीस मला कुणी दिलेलं नाही.

आता चुकीचं सांगतो. त्यासाठीच लिहायला बसलोय.

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा करायचो. झेंडूचा हार, कुंकू, लिंबू, नारळ. नारळ दर वर्षी मी फोडायचो. ख्रिस्ती असलो तरी माझ्या हातून एका फटक्यात फुटतो ही अख्ख्या शेडची श्रद्धा होती, आणि मीही कशाला मोडू? पूजा झाली की मशीन पूर्ण बंद. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. दसऱ्याला सकाळी चालू करायचं आणि मुहूर्ताचं उड्डाण करायचं, ते मालक स्वतः करायचे. मालक माणूस देवासारखा, पण उडवायला अगदीच बेतास बात. एका वर्षी त्यांनी मुहूर्तालाच हेलिकॉप्टर दरीत घातलं. पडदा लाल झाला. मालकांच्या आई मागे बसल्या होत्या, त्यांनी "अगं आई गं!" म्हणून डोळेच मिटून घेतले. कुणी जिलबीला हात लावेना. सणासुदीच्या दिवशी असला अपशकुन!

तेव्हापासून मी एक युक्ती केली. खंडेनवमीला मशीन बंद करण्याआधी केबिन रिकामी करून ठेवायची. आमच्या 'उंच हेलिपॅड' नावाच्या धड्यात पाठीमागे चार माणसं धरलेली असत, सामानासकट. ती चार माणसं मी काढून टाकायचो. डोंगर तोच, बर्फ तेच, उंची तीच, पण हेलिकॉप्टर फुलासारखं हलकं. मालक मजेत उतरायचे, आई टाळ्या वाजवायच्या, आपट्याची पानं वाटली जायची. मग मी गुपचूप चारी माणसं परत बसवायचो. मालकांना हे कधीच कळलं नाही. आता वाचतील तर वाचोत.

त्या वर्षी मी ती माणसं परत बसवली नाहीत. कारण काही मोठं नाही. जिलबी गरम होती, कुणीतरी हाक मारली, मी गेलो, खाल्ली, घरी आलो. वैमानिकांना मी हजार वेळा बजावायचो की, यादी हातात धरून एकेक ओळ वाचा, आठवणीवर विसंबू नका. स्वतःसाठी मात्र यादी नव्हती. स्वतःची आठवण मला फार थोर वाटायची.

आणि गंमत बघा, इंधनाचा काटा असतो, तापमानाचा काटा असतो, पण मागे किती माणसं बसली आहेत ते कुठलाच काटा सांगत नाही. पडद्यावर धड्याचं नाव तेच, 'उंच हेलिपॅड, भरलेलं'.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रोहिणी आली. कर्जतकडची, शेतकऱ्याची लेक, तिशीच्या आतली. हिमालयातल्या एका देवस्थानाला यात्रेकरू नेणाऱ्या कंपनीत लागली होती. त्या कंपनीचा नियम होता की आमच्याकडे उंच हेलिपॅडचा धडा पास झाल्याशिवाय वरच्या हेलिपॅडवर एकटीने जायचं नाही. पोरगी जिद्दीची. तीन दिवसांत तिने तो सुळका असा काही सर केला की आमचे देशमुख साहेब खूष झाले. देशमुख साहेब आमचे प्रशिक्षक, स्वतः जुने वैमानिक. मला म्हणाले, "साळवे, यंदा आपलं शिकवणं जमून आलंय बरं का. सगळेच छान उतरतायत." मी म्हणालो, "हो ना साहेब." दोघेही आपापल्या पाठी थोपटत होतो. रोहिणीच्या प्रमाणपत्रावर त्यांची सही झाली, वजनाच्या रकान्याखाली माझी. जाताना ती पाया पडली. मी म्हणालो, "औक्षवंत हो, पोरी." 

दसऱ्यानंतर बारा दिवसांनी, रविवारी दुपारी, कॅप्टन भिडे आले. भिडे म्हणजे आमचं सर्वांत कटकटं गिऱ्हाईक. दर वर्षी सरावाला यायचे आणि दर वर्षी तक्रार. खुर्ची कुरकुरते, पडद्यावरची नदी उलटी वाहते, चहा पांचट. पासष्टी ओलांडलेले, पण हात सोन्याचा. तासाभराने दार उघडून बाहेर आले आणि म्हणाले, "साळवे, तुमचं मशीन खोटं बोलतंय."

मी तापलोच. "कॅप्टन, चहाला नावं ठेवा, पण माझ्या वजनाला नको."

"ठेवणार. अकरा हजार फुटांवर, भरलेल्या मशीनमध्ये, माझा डावा हात इतका हलका आयुष्यात कधी नव्हता. इंजिनाच्या जोराचा काटा शंभरात नव्वदीच्या पुढे पाहिजे. पंच्याहत्तरवर आरामात बसलाय."

"तुमचा हात सुधारला असेल."

"या वयात? अहो, गुडघे सुधारत नाहीत, हात कुठून सुधारतोय!" ते खुर्ची ओढून बसलेच. "उघडा. मला आकडे दाखवा."

त्यांचं तोंड बंद करायचं म्हणून मी आकडे उघडले. मागची आसनं : शून्य, शून्य, शून्य, शून्य.

मी आकडे बंद करून पुन्हा उघडले. तेच. भिडे बघत होते. मग चष्मा काढून पुसत बसले. त्या कटकट्या माणसाचे त्या क्षणाच्या गप्प बसण्याबद्दल मी आजही आभार मानतो.

त्या बारा दिवसांत तीन वैमानिक पास होऊन गेले होते. दोघे समुद्रकाठी उडणारे, त्यांना लगेच फोन लागला, ते पुन्हा यायला तयार झाले, उंचावर त्यांना जायचंच नव्हतं. तिसरी रोहिणी. तिच्या कंपनीचं वेळापत्रक देशमुख साहेबांकडे होतं. आठवडाभर ती खालच्या तळांवर उडली होती. सोमवारी सकाळी सातला पहिल्यांदा वरच्या हेलिपॅडवर, एकटी, चार यात्रेकरू घेऊन.

तिला वाटत होतं की, चार माणसं घेऊन त्या सुळक्यावर तिच्याकडे भरपूर जोर शिल्लक असतो. तिच्या मनगटाला तसंच शिकवलं होतं आम्ही.

तिचा फोन लागेना. डोंगरात रेंज कुठली? तिच्या ऑफिसचा फोन वाजून वाजून बंद व्हायचा. देशमुख साहेबांनी ई-मेल टाकली आणि डोकं धरून बसले. म्हणाले, "तिच्याकडे तक्ते आहेत रे. ती बघेलच. उद्या ऑफिस उघडलं की बोलू. लेखी जाऊ दे सगळं नीट."

"साहेब, ऑफिस दहाला उघडतं. ती सातला उडतेय."

"प्रमाणपत्र मागे घ्यायचं म्हणजे काय होईल कळतंय का तुला? उद्या चौकशी, परवा मशीनला टाळं."

"लागू दे टाळं," मी म्हणालो. आवाज चढला होता माझा. अकरा वर्षांत साहेबांपुढे पहिल्यांदाच. "टाळं उघडता येतं साहेब."

 मग साहेबांनी स्वतः कपाट उघडलं, तिचा अर्ज काढला आणि घरच्या नंबराच्या ओळीवर बोट ठेवून माझ्यापुढे सरकवला.

फोन तिच्या वडिलांनी उचलला. "कोन बोलतंय?"

मी नाव सांगितलं. ते एकदम खुलले. "आरं वा, साळवेकाका! पोरगी लई नाव घेती तुमचं. उंद्या पयल्यांदा वर चाललीय. हिची आई कालधरनं देव पाण्यात घालून बसलीय. लई खूष हायेत समदे."

 मग मी सगळं सांगून टाकलं. मशीनमध्ये माणसं नव्हती. मी काढली होती आणि घालायला विसरलो. तिला वाटतंय जमतं, ते जमेलच असं नाही.

 मग ते म्हणाले, "म्हंजी माझ्या टेम्पोवानी. रिकामा टेम्पो घाट चडतो म्हनून भरल्याला चडंल आसं न्हाई."

"अगदी तसंच."

"मंग घाबरवू नका मला. काय करायचं ते बोला. ती रोज सकाळी साडेसहाला फोन करती. तिथं टेकाडावर येक जागा हाय, तितनं लागतो. माझा आवाज ऐकल्याबिगर इंजिन चालू करत न्हाई ती."

मी म्हणालो, "लिहून घ्या."

"लिवून कशाला? पाठ करतो. सांगा."

मी सांगितलं, त्यांनी म्हणून दाखवलं. "मशीनमदी मागं मान्सं नव्हती. धडा खोटा हुता. चौघं घिऊन वर जायचं न्हाई. साळवेकाकांना फोन कर." दोनदा म्हणून दाखवलं. मग थांबले. "आन ती म्हनली, आप्पा, तुमाला काय कळतंय यातलं, तर?"

"तर सांगा, साळवेकाका चुकलेत. असंच सांगा."

"ते काय बरं दिसत न्हाई, सायेब. वयानं मोठं तुमी."

"दिसू द्या. पण सांगा."

सोमवारी मी सहा वाजता शेडवर होतो. देशमुख साहेब माझ्याआधी आलेले. दोघांनी चहा घेतला. साडेसहा झाले. पावणेसात झाले. मी वडिलांनी शिकवलेली प्रार्थना म्हणत होतो आणि मधल्या ओळी विसरत होतो. सात वाजले. साहेब उठून बाहेर गेले आणि परत येऊन बसले. सात दहाला फोन वाजला.

"काका, मी पास आहे की नाही, एवढंच सांगा."

"नाही, पोरी."

"मग सही कशाला केलीत?"

"चुकलो."

ती रडत होती. रागाने, हे कळत होतं. ती आप्पांना फोन करून येईपर्यंत चौघे यात्रेकरू बसलेसुद्धा होते. एका म्हाताऱ्या बाईंनी तिची बोटं मोजल्यासारखी हातात धरून, "लेकी, सांभाळून ने," म्हटलं होतं. सगळ्यांदेखत तिला त्यांना खाली उतरवावं लागलं, आणि वरिष्ठांना सांगावं लागलं की मला अजून येत नाही. मग दुसरे कॅप्टन दोघांनाच घेऊन गेले. "माझं हसं झालं, काका," ती म्हणाली. मी ऐकून घेतलं. मनात मात्र एकच, की बोलतेय, रागावतेय, म्हणजे खाली आहे.

माझ्या फायलीत लेखी ताकीद लागली. लावा असं मीच म्हणालो होतो. चौकशी झाली, टाळं काही लागलं नाही. माझ्यासाठी एक यादी मात्र तयार झाली, सतरा ओळींची, आणि ती मी रोज बोट ठेवून वाचू लागलो. मालकांचं मुहूर्ताचं उड्डाण पुढच्या वर्षीपासून नगरच्या किल्ल्याभोवती, सपाटीवर.

त्याच आठवड्यात गुरुवारी रोहिणी पुन्हा सुप्याला आली. वडील सोबत होते, पांढरा सदरा, टोपी, हातात लिंबांची पिशवी. मला वाटलं होतं दोन शब्द सुनावतील. त्यांनी लिंबं दिली आणि म्हणाले, "बागंतली हायेत. आता मला बगू द्या, काय हाय ते." भिडेही आले होते, सांगून, की मला बघायचंय.

या वेळी मी चारही माणसं बसवली, भिड्यांना आणि साहेबांना दाखवून. रोहिणी माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती.

पहिल्या वेळी तिने सुळक्यावर आणलं, दांडा ओढला, भोंगा वाजला, पडदा लाल. दुसऱ्या वेळी थोडं अलगद आणलं, तरी तेच. बाहेरच्या छोट्या पडद्यावर बघणाऱ्या तिच्या वडिलांनी टोपी काढून हातात धरली. सोमवारी हे खरोखर झालं असतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. देशमुख साहेब माईकवरून काहीतरी सुचवणार, तोच भिड्यांनी त्यांचा हात धरला. "थांबा. तिला बघू द्या."

तिसऱ्या वेळी ती सुळक्याच्या अलीकडेच मंदावली. काट्याकडे बघितलं. शांतपणे डावीकडे वळली आणि दरीवरून माघारी फिरली. भोंगा नाही, काही नाही. थेट खालच्या तळावर येऊन टेकली. मग माईकवर तिचा आवाज आला, "काका, चौघं नाही जमणार. दोघांना उतरवा."

मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी मागच्या दोन आसनांवर शून्य टाकलं, तिला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणत. "उतरले. जा."

ती गेली. काटा नव्वदीच्या आतच राहिला. सुळक्यावर कडेला न घसरता, न धडपडता टेकली. देशमुख साहेबांनी टाळी वाजवली, भिडे "हं" म्हणाले, आणि भिड्यांचं "हं" म्हणजे पुरस्कार. मी दार उघडायला निघालो.

"आवो, थांबा की," तिचे वडील म्हणाले. "ती दोघं?"

"कोणती दोघं?"

"खाली उतरवली ती. त्यास्नी कोन आननार?"

 अहो, ती दोघं नव्हतीच. माझ्या संगणकातले दोन आकडे होते ते. धडा संपला होता, बाहेर पुढचा वैमानिक वाट बघत बसला होता. साहेब हसायच्या बेतात होते, पण म्हातारा हसत नव्हता. माईक चालू होता, आत रोहिणीने ऐकलं होतं.

"जातेय, आप्पा," ती म्हणाली.

तिने वरची दोघं उतरवली, तसंच मोठ्याने सांगून, आणि मी तेही दोन आकडे काढले. रिकामी खाली आली. टेकली. "बसले का?" तिने विचारलं. मी दोघांना बसवलं, पट्टे बांधले म्हणालो, दार लावलं म्हणालो. ती परत उडाली. वीसेक मिनिटं गेली असतील. तेवढा वेळ आम्ही सगळे, साहेब, भिडे, पुढचा वैमानिक, टोपी हातात घेतलेला तिचा बाप आणि मी, त्या दोन नसलेल्या माणसांसाठी श्वास धरून उभे होतो.

सुळका आला. काटा वर गेला, थांबला. चाकं टेकली.

"आली का समदी?" त्यांनी मला विचारलं.

 मी बोटाने मोजली. एक, दोन, तीन, चार.

"आली," मी म्हणालो. तेव्हा त्यांनी टोपी डोक्यावर घातली.